दुसऱ्या बाजूचा ओरखडा

सिनेमा आमच्या गावात आलाच नाही.
मेलबर्नला म्हणे आठवडाभर तग धरून होता,
मग पेपरवाल्यांनी पिसं काढली
आणि रिळं डब्यात गेली ती गेलीच.
तबकडी मात्र आली.
आईच्या मावसबहिणीनं नाताळला धाडली,
दोन जुन्या टॉवेलांत गुंडाळून,
पत्त्यावर नोला ट्रेगिअर, क्वीन्सटाउन, टास्मानिया.

तेव्हा आमच्या डोंगरांवर झाड नव्हतं.
तांब्याच्या भट्टीच्या धुरानं खाऊन टाकलेलं सगळं,
उरले पिवळे-गुलाबी कडे,
सोलून ठेवल्यासारखे.
तिथं, इस्त्रीच्या टेबलापाशी,
आम्ही तो सिनेमा वर्षानुवर्षं पाहिला
कानांनी.

जिना हिरवा, हे डेसमंडनं ठरवलं.
नायिकेचा झगा मी शिवला,
मनातच, पण बाह्यांना अस्तर लावून.
बाबा खाणीतून येऊन बूट ओढता ओढता म्हणत,
"त्या व्हायोलिनवाल्याला दमा असणार,
ऐक, कसा मध्येच श्वास घेतो."
कव्हरावर नुसती एक टोपी आणि अर्धा चंद्र.

दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यावरून
डेसमंडनं एकदा खेळण्यातला ट्रक नेला.
सहा वर्षांचा होता. मार खाल्ला.
तेव्हापासून ती बाई म्हणते,
'दिवा मी लावून ठेवला'
आणि टक्कन उडी मारून
'समुद्र ऐकतो आहे.'
मधली ओळ गेली.
आम्ही तसंच शिकलो, उडीसकट.
भांडी घासताना, चर्चच्या सहलीत,
बाबांना पुरून आलो त्या रात्री
स्वयंपाकघरात, अगदी हळू.
काय असेल तिथं?
बाबांच्या मते बोट.
माझ्या मते, चौदाव्या वर्षी, चुंबन.
आई म्हणायची, असेल काहीतरी,
आपल्याला काय करायचंय?

यंदा मार्चमध्ये होबार्टला
कुणा हौशी मंडळींनी त्याची प्रत मिळवली.
आई ब्याऐंशीची.
नव्याण्णव वळणं चढून निघालो,
डर्वेंट ब्रिजला सँडविच खाल्लं,
तिनं लिपस्टिक लावली आरशाशिवाय.

अकरा माणसं होतो, एक घोरत.
जिना तपकिरी निघाला, चार पायऱ्यांचा,
त्याच्यापुढं भिंतच.
नायक लाकडाचा,
ओठ सुरांच्या मागून धावणारे,
बस सुटलेल्या माणसासारखे.
एक वारसाहक्क हरवतो, सापडतो,
कुणाला त्याचं सोयरसुतक नाही.
मला लाज वाटू लागली,
कुणाची, ते कळेना.

मग चौथं गाणं.
तेच व्हायोलिन, तोच दम्याचा श्वास,
आणि पडदा एकाएकी एवढासा,
गाण्याला आखूड झालेला.
'दिवा मी लावून ठेवला'
म्हटलं तिनं, आणि
शेजारी माझी आई, मोठ्यानं,
'समुद्र ऐकतो आहे.'
एक ओळ पुढं, एकटीच.
तिकडं पडद्यावर ती बाई सावकाश सांगत होती
की बशीतला चहा गार झाला.

चहा.
बोट नाही, काही नाही.

दिवे लागले.
"चुकलं तिचं," आई म्हणाली
आणि पर्समध्ये चष्मा शोधू लागली,
जो डोळ्यांवरच होता.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
डेसमंड पर्थला असतो.
सात वर्षांत फोन नाही,
कारण एवढं क्षुल्लक की लिहवत नाही.
मी विचारलं, "कळवू का त्याला,
तिथं चहा होता म्हणून?"

आईनं काच खाली केली.
आता कड्यांवर झुडपं उगवू लागलीत,
तिला ती आवडत नाहीत.

"चहाचं राहू दे," म्हणाली.
"जिना हिरवाच होता म्हणून सांग."